खडकावर टेकणारी पिकअप

अमेरिकेच्या युटा राज्यातलं मोआब हे गाव तांबूस वाळूखडकासाठी आणि त्या खडकावर गाड्या चढवणाऱ्या हौशी मंडळींसाठी प्रसिद्ध आहे. १९६७ पासून तिथे ईस्टरच्या सुमारास जीप सफारी भरते. खडकाची उंच पायरी चढताना पिकअपची पुढची चाकं वर पोचतात, मागची अजून खालीच असतात आणि मधलं पोट खडकाच्या धारेवर टेकतं. लोखंड घासल्याचा कर्कश आवाज येतो. शेजारी बसलेला नवखा दचकतो, पण चालक गाडी तशीच संथपणे पुढे नेतो. खडकाला घासलेला असतो तो दाराखाली बसवलेला पोलादी रेल. गाडीचा पत्रा शाबूत असतो.

या रेलला रॉक स्लायडर म्हणतात.

दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा भाग हा पातळ पत्र्याची पोकळ पेटी असतो. खडकाचा नेम नेमका तिथेच लागतो. पेटी जोरात चेपली, तर दार घासायला लागतं, नीट लागत नाही. अशा वेळी पोचा काढून भागत नाही. चेपलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो.

पिकअपला हा धोका अधिक, कारण ती लांब असते. चार दारांच्या जीप रँग्लरच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे तीन मीटर अंतर आहे, तर त्याच घराण्यातल्या ग्लॅडिएटर पिकअपमध्ये ते साडेतीन मीटरच्या जवळ जातं. चाकांतलं अंतर जितकं जास्त, तितकं पोट लवकर टेकतं. म्हणूनच ग्लॅडिएटरच्या रुबिकॉन आवृत्तीला कंपनीकडूनच दारांखाली रेल मिळतात आणि मागच्या हौद्याच्या कडांसाठी वेगळे रेलही असतात.

दिसायला हा रेल पायदानासारखा. पण पायदान माणसाचं वजन घेण्यापुरतं असतं, खडकावर ते वाकून उलट पत्र्यातच घुसतं. स्लायडरला दोन टनांहून जड गाडीचा मोठा भार पेलावा लागतो. त्यासाठी साधारण पावणेदोन इंच व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची पोलादी नळी वापरतात आणि तिचे हात थेट चेसिसला जोडतात. काही स्लायडर मागच्या टोकाला बाहेर वळवलेले असतात. वळणावर झाड किंवा दगड आडवा आला, तर ते टोक गाडीला बाजूला ढकलतं आणि मागचा हौदा वाचतो.

बसवण्याच्या दोन पद्धती. वेल्ड केलेला स्लायडर भक्कम, पण कायमचा. वेल्ड करण्याआधी बॅटरीच्या तारा काढाव्या लागतात, चेसिसवरचा रंग खरवडावा लागतो आणि जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या ठिणग्यांपासून वाचवाव्या लागतात. नटबोल्टचा स्लायडर घरच्या अंगणातही बसतो. जॅकवर रेल उचलून धरायचा, बोल्ट आधी हातानेच सैल लावायचे, दोन्ही टोकांना पत्र्यापासून सारखं अंतर आहे ना ते मोजायचं आणि मगच टॉर्क पान्याने आवळायचं. हे अंतर महत्त्वाचं आहे. बॉडी चेसिसवर रबरी गाद्यांवर बसलेली असल्याने खडबडीत वाटेवर ती हलते. रेल अगदी चिकटून बसवला, तर तोच पत्र्याला घासतो.

भारतात इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स यांमुळे अशा पिकअप आता इथेही दिसू लागल्या आहेत. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही शर्यत होते. तिथे जिप्सी आणि थार ओहोळ आणि निसरडे चढ पार करतात. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला स्लायडर बसवताना मात्र कायदा आड येऊ शकतो. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम नोंदणीतल्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई करतं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाडीपुढच्या बुलबारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. बाजूचा रेल गाडीच्या रुंदीबाहेर येत असेल, तर आरटीओत आधी विचारलेलं बरं.

स्लायडर बसवल्यावर पहिल्या खडतर फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. रेलच्या खालच्या अंगाला चंदेरी ओरखडे उमटलेले असतात. तिथली माती धुऊन, वाळवून त्यावर रंगाचा एक हात मारला, की गंज धरत नाही आणि रेल पुढच्या फेरीला तयार होतो.