मोठं स्वप्न राहू द्या, आधी पुढच्या सहा पानांचं बोला



आपल्या छत्रपती संभाजीनगरात धंद्यावर कुठेही भाषण असलं की एक गोष्ट हमखास निघते. १५ ऑक्टोबर २०१० ला आपल्या शहरातल्या लोकांनी मिळून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. साधारण ६५ कोटींचा व्यवहार. देशभर बातमी झाली. गोष्ट खरी आहे, अभिमानाची आहे, टाळ्याही जोरात पडतात. आणि समोर बसलेला नवा पोरगा घरी जाऊन मोबाईलच्या वॉलपेपरवर मर्सिडीज लावतो.

वॉलपेपरला माझी काही हरकत नाही. प्रश्न सोमवारी सकाळचा आहे. तुम्ही शटर वर केलं, झाडून काढलं, अगरबत्ती लावली, अजून भवानी झालेली नाही. आता त्या मर्सिडीजच्या फोटोकडे बघून पुढच्या एका तासात नेमकं काय करायचं? ते फोटो सांगत नाही. त्या गाड्या घेणारे उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक होते. गाडीच्या आधी त्यांची कित्येक वर्षं कामात गेली होती. आपण वहीचं शेवटचं पान बघतो आणि पहिलं पान लिहायला घाबरतो.

माझ्याकडे ट्रेनिंगला येणारे बरेच जण म्हणतात, "सर, आधी माझी मानसिकता बदलायची आहे, मग धंदा सुरू करतो." आज मला याच वाक्यावर बोलायचं आहे. कारण माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. मानसिकता आधी बदलते आणि मग काम होतं असं क्वचितच घडतं. छोटं काम ठरलेल्या तारखेला पूर्ण होतं, मग दुसरं होतं, आणि मागाहून मन म्हणायला लागतं, "अरे, आपल्याला जमतंय की!"

उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं देतो.

म्हसवडच्या बायकांनी काय केलं?

सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. आपल्या मराठवाड्यासारखाच दुष्काळी. तिथल्या म्हसवड गावात चेतना गाला सिन्हा काम करत होत्या. त्यांच्याकडे एक बाई आली. लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला राहणारी. तिला बँकेत रोज थोडे थोडे पैसे टाकायचे होते. कशासाठी? पावसाळ्याआधी डोक्यावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. बँकांनी तिला खातं दिलं नाही. रक्कम फारच लहान म्हणे.

आता या बाईचं ध्येय नीट बघा. वस्तू ठरलेली, किंमत माहीत, तारीख पावसाळ्याने ठरवून दिलेली, आणि रोज किती टाकायचे तेही तिला ठाऊक. अडचण एकच होती, पैसे ठेवायला जागा नव्हती.

चेतनाताईंनी ठरवलं, आपण बायकांचीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज परत आला. कारण असं की बँक काढणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही, अर्जावर अंगठे आहेत. चेतनाताई निराश होऊन गावी आल्या. पण बायका म्हणाल्या, रडायचं कशाला, आम्ही शिकतो. आणि दिवसभराची कामं आटोपून त्या अक्षरं गिरवायला बसू लागल्या.

पाच-सहा महिन्यांनी या बायका चेतनाताईंबरोबर पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. तिथे त्यांनी जे सांगितलं ते मला फार आवडतं. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा दोष नाही. पण हिशोब आम्हाला येतो. कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या लोकांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण लवकर काढतं! परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतनाताईंनी २०१८ मध्ये ही हकीकत जगासमोर एका भाषणात सांगितली, तेव्हा बँकेशी जोडलेल्या बायकांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती.

यातून आपण तीन गोष्टी घ्यायच्या.

पहिली, "बँक काढायची" हे मोठं काम अडल्यावर त्यांनी ते सोडलं नाही, पण रोज त्याचाच घोषही केला नाही. त्यांनी हातात घेण्यासारखं छोटं काम धरलं. आज संध्याकाळी चार अक्षरं.

दुसरी, "नाही" ऐकल्यावर त्यांनी नकाराचं कारण काय ते पाहिलं. कारण कळलं की काम कळतं. तुमचं कर्जाचं प्रकरण परत आलं, तर "माझं नशीबच असं" म्हणण्याआधी बँकेत जाऊन कारण विचारा. कागद कमी आहे, सिबिल खराब आहे, की प्रकल्पाचा हिशोब जुळत नाही? तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

तिसरी, नवीन शिकताना आपल्याकडे आधीपासून काय आहे तेही त्यांनी ओळखलं. व्याजाचा तोंडी हिशोब त्यांना येतच होता. तुम्हालाही काहीतरी येतंच. वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या ताईंना शंभर माणसांच्या जेवणाला किती तेल लागेल हे पटकन सांगता येतं. वाळूजला कंपनीत काम केलेल्या पोराला माल वेळेवर देणं म्हणजे काय ते कळतं. हेही तुमचं भांडवलच.

बेचाळीस पानं की सहा पानं?

तुम्ही म्हणाल, सर, ही एका गावाची गोष्ट झाली. बरं, आता एक प्रयोग ऐका. अल्बर्ट बंडुरा आणि डेल शंक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. गणितात कच्ची असलेली, वजाबाकीचा कंटाळा असलेली मुलं त्यांनी निवडली. सगळ्यांना तोच अभ्यास दिला. एकूण ४२ पानं, सात बैठका.

एका गटाला सांगितलं, रोज सहा पानं करायचं बघा. दुसऱ्याला सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं संपवायचं बघा. तिसऱ्याला काहीच ध्येय दिलं नाही.

सहा गुणिले सात म्हणजे ४२च. काम सारखंच होतं. पण सहा पानंवाली मुलं सगळ्यात जास्त शिकली. त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला. पुढे मोकळा वेळ दिला तेव्हा हीच मुलं आपणहून जास्त गणितं सोडवायला बसली. ज्या विषयाचा कंटाळा होता त्याची गोडी लागली! आणि ४२ पानांचं लांबचं ध्येय मिळालेल्या मुलांना, ध्येय न मिळालेल्या मुलांपेक्षा फारसा फायदा झाला नाही.

कारण सोपं आहे. सहा पानं संपली की आज पुरावा मिळतो. ४२ पानांचा पुरावा शेवटच्या दिवशी मिळणार, तोवर मन रोज सांगत राहतं की अजून काहीच झालं नाही. विश्वास भाषणाने येत नाही, पुराव्याने येतो. कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००६ च्या 'माइंडसेट' पुस्तकातून वाढीची मानसिकता हा विषय घरोघरी पोचवला. त्यांचा आवडता शब्द 'अजून'. "मला जमत नाही" याऐवजी "मला अजून जमत नाही". शब्द छान आहे. फक्त त्या 'अजून'च्या पुढे तारीख आणि काम लिहा, नाहीतर 'अजून' करता करता दिवाळी येते.

आपल्या गल्ल्यावर हे कसं लावायचं?

समजा, तुमचं टीव्ही सेंटरला किंवा गारखेड्यात छोटं दुकान आहे. भाडं ८,०००, मदतनिसाचा पगार ९,०००, लाईट बिल, फोन आणि किरकोळ ३,०००. झाले २०,०००. घरात महिन्याला १५,००० द्यायचे आहेत. म्हणजे ३५,००० सुटले पाहिजेत.

मालाचे पैसे वजा जाता शंभराच्या विक्रीत तुम्हाला २५ रुपये सुटतात असं धरू. मग महिन्याची विक्री हवी १,४०,०००. महिन्यात २८ दिवस दुकान उघडं असेल तर रोजची विक्री ५,०००. एक बिल सरासरी २०० रुपयांचं असेल तर रोजची २५ बिलं.

बघा, "धंदा वाढवायचा आहे" याचं झालं "रोज २५ बिलं". आता आज किती होतात? समजा १४. लगेच २५ वर उडी मारू नका. या महिन्याचं ध्येय १७. आणि बिल २०० वरून २५० वर नेता आलं तर रोज २५ नाही, २० बिलं पुरतात. म्हणजे रस्ते दोन झाले.

आता महत्त्वाचं. गिऱ्हाईक येणं पूर्ण तुमच्या हातात नाही. म्हणून वहीत '१७ बिलं' हा आकडा वर लिहा आणि त्याखाली तुमच्या हातात काय आहे ते लिहा: रोज पाच जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन मालाचा फोटो पाठवणे. बिल करताना प्रत्येकाला सोबत लागणारी एक वस्तू दाखवणे. सकाळी दहाच्या आत शटर उघडणे. संध्याकाळी यावर टिक करायची. माझ्या दुकानात काउंटरखाली दोनशे पानी वही असते, त्यात रोजच्या बिलांची संख्या आणि या टिका, एवढंच. दोन मिनिटं लागतात.

अजून सुरुवातच केली नसेल तर?

घरगुती मसाला, लोणचं, शिवणकाम, काहीही असो. पहिले ३० दिवस असे वाटून घ्या.

पहिला आठवडा: कागद. उद्यम नोंदणी आधार नंबरवर ऑनलाइन होते आणि तिला सरकारी फी नाही, त्यामुळे उगाच एजंटला पैसे देऊ नका. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवान्याची नोंदणी. धंद्याचा हिशोब वेगळ्या खात्यावर.

दुसरा आठवडा: दहा घरी नमुना. नातेवाईक दोनच, बाकी आठ अनोळखी. नातेवाईक वाईट म्हणत नाहीत, म्हणून त्यांचं मत हिशोबात धरायचं नाही.

तिसरा आठवडा: पैसे घेऊन विक्री. फुकट काही नाही. किंमत सांगताना आवाज खाली जातो, तो इथेच सरळ होतो.

चौथा आठवडा: मोजणी. घेणाऱ्यांपैकी किती जणांनी पुन्हा मागितलं? कौतुक किती झालं ते सोडा, पुन्हा ऑर्डर किती आल्या ते लिहा.

या ३० दिवसांनंतर तुम्ही मुद्रा कर्जाचा विचार केलात तर बँकेत सांगायला तुमच्याकडे आकडा असेल. मुद्रामध्ये शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. पण कर्ज हे चालणाऱ्या गोष्टीला वाढवायला घ्यायचं, मनाला हिंमत यावी म्हणून नाही.

आठवडा हुकला तर?

हुकणारच. घरात लग्न निघतं, पोरगं आजारी पडतं, पाऊस लागतो. अशा वेळी स्वतःला शिव्या घालू नका आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट काम लिहू नका. एकच प्रश्न विचारा: काम मोठं होतं, की वेळ ठरलेली नव्हती, की ते माझ्या हातातच नव्हतं? मोठं असेल तर अर्धं करा. वेळ नसेल तर वेळ ठरवा. हातात नसेल तर काम बदला.

आणि एक कडू गोष्ट

सगळं काही मानसिकतेवर असतं, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. म्हसवडच्या बायका निरक्षर राहिल्या त्या विचार छोटे म्हणून नाही, शाळा नव्हती म्हणून. तुमच्याकडे भांडवल कमी आहे, समोर मोठं दुकान उघडलं, भाडं वाढलं, हे खरे अडथळे आहेत. ते सकारात्मक विचाराने नाहीसे होत नाहीत.

म्हणून ध्येयासोबत एक हद्दही लिहा. किती दिवस आणि किती पैसे? उदाहरणार्थ, "९० दिवस आणि बचतीतले ४०,०००. त्यापुढे घरात विचारल्याशिवाय एक रुपया नाही." हे वाक्य घरातल्या माणसासमोर लिहा. घरातलं सोनं गहाण टाकायची वेळ बहुतेकदा एका दिवसात येत नाही. हद्द न ठरवल्यामुळे ती हळूहळू येते. ९० दिवसांत आकडे हलले नाहीत तर माल बदला, जागा बदला, नाहीतर काही काळ नोकरी करत पुन्हा तयारी करा. हद्दीवर थांबलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो. कर्जात बुडालेल्याला त्यासाठी वर्षं लागतात.

आता हे वाचून झालं की एक वही घ्या. पहिल्या पानावर तीन ओळी लिहा. माझा रोजचा आकडा किती. पुढच्या सात दिवसांत माझ्या हातातलं एक काम कोणतं. त्याची तारीख आणि वेळ काय. जमलं तर घरातल्या एकाला ते वाचून दाखवा.

मर्सिडीज राहू द्या वॉलपेपरवर. रविवारी रात्री मात्र वही उघडायची आणि आपली सहा पानं झाली का ते मोजायचं.

तुमच्या पहिल्या आठवड्याला मनापासून शुभेच्छा!