शहाण्णव फलकांचा बेत

नव्वदी उलटलेल्या माणसाला आमच्या बँकेने गृहकर्ज दिले नसते. वयाचा रकाना पाहूनच अर्ज बाजूला ठेवला असता. मकबूल फिदा हुसेन यांनी मात्र त्याच वयात, २००८ साली, उषा मित्तल यांच्याकडून एक काम अंगावर घेतले. भारतीय संस्कृतीचा इतिहास रंगवायचा, एकेका विषयाला तीन फलक, असे एकूण ९६! ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये ते गेले तेव्हा आठ त्रिफलक पुरे झाले होते. २८ मे २०१४ पासून दोन महिने ते तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मांडले होते. मुलीकडे गेलो होतो, तेव्हा दोनदा जाऊन पाहून आलो.

इतिहास म्हटला की आपल्याला सनावळ्या आठवतात. इथे त्या नव्हत्याच. मौर्य, मुघल आणि इंग्रज या राजवटी एकाच त्रिफलकात शेजारीशेजारी; दुसऱ्यात दिल्ली, वाराणसी, कोलकाता. पुढे सण, नृत्ये, शिल्पे, प्रवासाची वाहने. राजांना एक चित्र आणि जगण्याला बाकीची, ही वाटणी मला पटली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत नेमके उलटे असते.

मी रेंगाळलो तो घरांच्या चित्रापाशी. तीन फलक, तीन धर्मांची तीन कुटुंबे. त्यातल्या मुसलमान घरात हुसेन यांचे स्वतःचे बालपण डोकावते. पंढरपुरात जन्मलेल्या या मुलाची आई तो दीडेक वर्षाचा असतानाच गेली. तिचा एक फोटोसुद्धा मागे राहिला नाही. सांभाळ आजोबांनी केला. ते कंदील करायचे, दुरुस्त करायचे. हुसेन यांच्या चित्रांत जन्मभर येत राहिलेले कंदील आणि छत्र्या तिथल्याच. मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरणाऱ्या माणसाने पुढे कितीही पैसा पाहिला, तरी तो कंदील काही विझला नाही.

आणि हे घर त्यांनी रंगवले ते घराबाहेर राहून. देवतांच्या नग्न चित्रांवरून खटले झाले, धमक्या आल्या, २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले. तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले.

ज्यांची मने दुखावली ते सगळे ढोंगी होते, असे मी म्हणणार नाही. माझी मावशीच त्यांच्यातली. आषाढी-कार्तिकी न चुकवणारी. तिचे दुःख खरे होते. पण दुःख होणे वेगळे आणि म्हाताऱ्या माणसाला आपल्या गावी मरू न देणे वेगळे. या दोहोंतला फरक तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांनी मोठ्याने सांगितला.

लंडनहून मी मावशीला फोन केला. म्हटले, "अगं, त्या हुसेनची चित्रे बघून आलो. सुरुवात गणपतीने केलीय."

बराच वेळ ती काही बोलली नाही.

"नीट काढलाय का रे?"

"नीट काढलाय."

"जन्म पंढरपूरचाच ना त्याचा?" तिने विचारले, आणि मग माझ्या पथ्यपाण्याची चौकशी सुरू केली.