कापसाच्या बोंडापलीकडचा उजेड

मूर्तिजापूर कापसाचं गाव, म्हणून सुरुवात कापसापासूनच करू. कापसाचा सुटा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास पारदर्शक दिसतो. मग बोंड पांढरं का? हवा आणि तंतू यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा वळतो. हजारो तंतू, हजारो वळणं. प्रकाश चहूकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. सुती कापड भिजलं की हवेच्या जागी पाणी येतं, वळणं कमी होतात आणि कापडातून आरपार दिसू लागतं.

शरीराचंही असंच आहे. अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटांखाली धरा. लाल उजेड वर येतो, कारण हिरवा-निळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. पण आतली हाडं काही दिसत नाहीत. प्रकाश पलीकडे पोचतो, त्याची दिशा मात्र विस्कटते. मांसात साधारण एक दशांश मिलिमीटर गेला की तो कशाला तरी धडकून वळतो. म्हणूनच खोलवरची गाठ भिंगाने बघता येत नाही. तुकडा काढून तपासावा लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कण जागचे हलले नाहीत, तर तोच प्रकाश पुन्हा सोडल्यावर तीच वळणं घेतो. म्हणजे या गोंधळालाही नियम आहे. २००७ साली नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात वेलेकूप आणि मोस्क यांनी पांढऱ्या रंगाच्या थरावर लेसर सोडला. त्याआधी त्याच्या लाटेचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा किंचित पुढे-मागे केला. पलीकडचा एक ठिपका ज्याने उजळेल, तेवढाच बदल ठेवायचा. शेवटी सगळ्या लाटांचे माथे त्या ठिपक्यावर जुळले आणि तो आजूबाजूपेक्षा हजारपट उजळला! अडवणारा थरच भिंगासारखा कामी आला.

दुर्बिणीत असंच काहीसं करतात. हवेमुळे तारे लुकलुकतात. पुण्याच्या आयुका संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर ‘रोबो-एओ’ ही यंत्रणा बनवली. ती आकाशात लेसर सोडते, परतणाऱ्या उजेडावरून हवेने केलेली बिघाडी मोजते आणि आरशाचा आकार बदलून ती सुधारते.

पण शरीरात असा खुणेचा तारा आणायचा कुठून? त्यासाठी अल्ट्रासाऊंड वापरतात. मांसात ध्वनी प्रकाशापेक्षा फार कमी विखुरतो. आत एका बिंदूवर ध्वनी एकवटला, की तिथून जाणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते. तेवढाच प्रकाश ओळखून उलट्या वाटेने परत पाठवला, की तो त्याच बिंदूवर गोळा होतो. लिहाँग वांग यांच्या गटाने २०११ साली हे करून दाखवलं.

मग दवाखान्यात हे का नाही दिसत? कारण रंगाचा थर स्थिर असतो, जिवंत माणूस नसतो. रक्त वाहतं, श्वास चालतो. मोजलेली वाट काही मिलिसेकंदांतच जुनी होते. त्याच्या आत मोजायचं आणि लाटही बदलायची, ही खरी शर्यत आहे. ती जिंकली, तर चिरफाड न करता खोलवरच्या पेशी बघता येतील.