नाव कमी झाले, बोजा उतरला नाही

बोईसर स्थानकावर उतरून, कारखान्यांच्या चिमण्या मागे टाकीत नवापूरच्या रस्त्याला लागले, म्हणजे थोड्याच वेळात खाऱ्या वाऱ्याची चाहूल लागते. त्या गावी माझ्या भाच्याचे लहानसे दुकान असून झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, वीजबिलांचा भरणा आणि सातबाऱ्याचे उतारे अशी पंचक्रोशीतील लोकांची नाना कामे तेथे एका वयस्क संगणकावर चालतात. मागे एकदा मी गेलो तेव्हा तो संगणक जवळजवळ मूर्च्छित पडला होता. संगणक झटपट होण्याच्या आशेने भाच्याने कोठलेसे फुकटचे ‘सफाई’ सॉफ्टवेअर उतरवून घेतले होते. त्याच्या पाठोपाठ, आधीच खूण केलेल्या एका चौकटीच्या कृपेने, एक अँटिव्हायरसही घरात शिरला होता. आणि पहिला अँटिव्हायरस तर पूर्वीपासून ठाण मांडून होताच. भाच्याने दोन्ही अँटिव्हायरसना रीतसर निरोप दिला, प्रोग्रामांच्या यादीतून त्यांची नावे गेली. परंतु संगणक पुन्हा सुरू करताच पडद्याच्या कोपऱ्यात त्यांतल्या एकाचे चिन्ह पूर्ववत उगवले आणि ‘आपले संरक्षण धोक्यात आहे’ अशी तंबी देऊ लागले.

“मामा, याचं नाव तर कमी झालं, पण बोजा काही उतरला नाही बघा,” तो म्हणाला. दिवसभर सातबारे छापणाऱ्या माणसाच्या तोंडून सहज निघालेले हे वाक्य या प्रश्नाचे शास्त्रीय निदान म्हणूनही तंतोतंत खरे होते.

कारण असे: विंडोजपूर्वीच्या डॉसच्या काळी बहुतेक प्रोग्राम आपल्या एका फोल्डरात बिऱ्हाड करून राहात. फोल्डर पुसला की बिऱ्हाड उठले. विंडोजच्या राज्यात, विशेषतः १९९५ सालच्या आवृत्तीपासून, ‘रजिस्ट्री’ नावाचे मध्यवर्ती दप्तर प्रस्थापित झाले. कोणता प्रोग्राम कोठे वसला आहे, संगणक सुरू होताच कोणास हाक मारावयाची, कोणत्या प्रकारची फाइल कोणी उघडावयाची, अशा सहस्रावधी नोंदी या दप्तरात असतात. त्यामुळे सॉफ्टवेअर ‘इन्स्टॉल’ करणे म्हणजे केवळ फाइली आणून ठेवणे नव्हे, तर दप्तरी अनेक ठिकाणी फेरफार नोंदविणे होय. आता गंमत अशी, की ज्या यादीतून आपण प्रोग्राम काढावयास जातो, ती यादी स्वतः काहीच काढीत नाही. तिच्यात प्रोग्रामचे नाव आणि तो काढणाऱ्या आज्ञेचा पत्ता एवढेच लिहिलेले असते, आणि ती आज्ञा बहुधा त्या प्रोग्रामच्या कर्त्यानेच रचलेली असते. जागा सोडणाऱ्या भाडेकरूनेच आपण काय काय मांडले होते याची यादी करावी आणि ती पुरी आहे हे मालकाने निमूटपणे मानावे, असा हा करार आहे. यादी अपुरी असेल, किंवा काही फाइली दुसऱ्या प्रोग्रामशी सामाईक असल्याने मागे ठेवणे भाग पडले असेल, तर नाव जाते आणि अवशेष उरतात. कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी ज्यांच्या किनाऱ्यावरून समुद्रात जाते, त्या नवापूरकरांना, नजरेआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, हे निराळे सांगावे लागत नाही.

ही झाली सामान्य प्रोग्रामची गोष्ट. अँटिव्हायरसची जातकुळी निराळी. पुण्यात कॅलक्युलेटर-दुरुस्तीपासून व्यवसायास आरंभ करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास, पुढे ‘क्विक हील’ या नावाने ख्यात झालेले आपले सॉफ्टवेअर सिद्ध केले, तेव्हा विषाणू फ्लॉपीवरून फिरत आणि फाइली तपासून त्यांना हुडकता येई. पुढे विषाणूंनी पहिला घाव पहारेकऱ्यावरच घालण्याचा धडा गिरविला, आणि पहारेकऱ्यासही संगणकाच्या गाभ्यात, ‘कर्नल’मध्ये, जाऊन बसावे लागले. तेथे त्याचा ‘ड्रायव्हर’ नावाचा भाग प्रत्येक फाइल उघडली जाताना मध्ये उभा राहतो, आणि कोणी त्यालाच बंद करू वा पुसू पाहील तर त्या आज्ञेस नकार देतो. येथेच खरी मेख आहे: मालकाच्या अधिकाराने शिरलेला विषाणू आणि प्रत्यक्ष मालक हे दोघेही कर्नलच्या दारी एकाच वेषात येतात. सहज हाकलता येणारा पहारेकरी कुचकामी, आणि हाकलता न येणारा त्रासदायक. आपला संताप हा बराचसा त्याच्या गुणाचाच दुष्परिणाम असतो. दोन पहारेकरी एकाच दारात उभे केले तर प्रत्येक फाइलीची झडती दोनदा होते, एकाची झडती दुसऱ्यास संशयास्पद वाटते, आणि धनी उंबऱ्यातच तिष्ठत राहतो.

बोजा न उतरल्यास काय होते याचे उत्तम उदाहरण २००५ साली घडले. सोनी बीएमजी या कंपनीच्या काही संगीत-सीडींमधून नक्कल रोखणारे एक सॉफ्टवेअर संगणकात लपून बसते, हे मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने त्या वर्षी ऑक्टोबरात उघडकीस आणले. त्याने ते हाताने उपटून काढले, तो सीडी-ड्राइव्हच दिसेनासा झाला. कारण ड्रायव्हर गेला तरी ‘सीडी वाचण्यापूर्वी यास विचारावे’ ही रजिस्ट्रीतील नोंद कायम होती. पुढे ते काढण्यासाठी जे साधन पुरविण्यात आले, त्यानेच संगणकास नवे छिद्र पडले! गाभ्यातल्या पहारेकऱ्याचे सामर्थ्य केवढे असते, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरला वीस रकान्यांची अपेक्षा असताना एकविसावा रकाना वाचावयास लावणारी एक सदोष फाइल आली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार पंच्याऐंशी लक्ष संगणक कोसळले; भारतातील विमानतळांवर हस्तलिखित बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय, तर अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करणे आणि ती एक फाइल पुसणे.

सेफ मोडचे रहस्य साधे आहे. त्या अवस्थेत विंडोज केवळ स्वतःचे अत्यावश्यक ड्रायव्हर जागे करते. बाहेरचा पहारेकरी निद्रिस्त असतो, म्हणून त्यास उचलता येते. अँटिव्हायरस रुतून बसला असता क्रम असा ठेवावा: प्रथम यादीतून रीतसर काढावा, संगणक पुन्हा सुरू करावा, कारण वापरात असलेल्या फाइली पुष्कळदा त्याच वेळी पुसल्या जातात, तरीही चिन्ह उरलेच, तर त्याच निर्मात्याचे स्वतंत्र ‘रिमूव्हल टूल’ त्याच्या अधिकृत स्थळावरून घेऊन, जरूर तर सेफ मोडमध्ये, चालवावे. रजिस्ट्री ‘साफ’ करून देणाऱ्या फुकट्या साधनांपासून मात्र दूर राहावे. दप्तरात थोड्या मृत नोंदी राहिल्याने संगणक सहसा मंदावत नाही, परंतु एक जिवंत नोंद खोडली गेली तर तो उठेनासा होऊ शकतो. शिवाय विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा घरचाच पहारेकरी असतो. दुसरा रीतसर नोंदला गेला की तो आपण होऊन बाजूस सरतो, आणि दुसऱ्याची नोंद गेली की सामान्यतः पुन्हा उभा राहतो.

“फॉरमॅट मारू का, मामा?” भाचा अधीरतेने विचारीत होता. आम्ही तसे केले नाही. दोन्ही निर्मात्यांची दोन साधने, सेफ मोड आणि तीनदा रीस्टार्ट, एवढ्या खटाटोपात संध्याकाळ झाली. शेवटी कोपरा स्वच्छ झाला आणि प्रिंटर कुरकुरला. पहिला उतारा सकाळपासून ताटकळलेल्या एका वृद्ध बागायतदाराचा होता. त्यांनी चष्मा सारखा करून ‘इतर हक्का’चा रकाना वाचला आणि कर्ज फिटूनही सोसायटीचा बोजा तसाच कसा, म्हणून विचारले.

“काका, पैसे फेडले म्हणून तो आपोआप जात नाही,” भाचा म्हणाला, “बेबाकीचा दाखला आणा, तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार मंजूर झाला की उतरेल.” आणि मघाचा वैताग विसरून, हसतच तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.