दारू सुटली, आकडा सुटेना

व्यसनमुक्तीच्या कामात एक गोष्ट मला फार छळते. दारू सोडून माणूस घरी येतो, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याला आकड्याचा नाद कधी लागला ते कुणाला कळतच नाही.

उद्यमनगरातल्या एका टर्नरच्या बायकोनं माझ्यासमोर शंभर पानी वही ठेवली. पानोपानी 'कल्याण' मटक्याचे जुने ओपन-क्लोज, कुठला आकडा किती दिवसांनी फिरून येतो याचा हिशोब, मध्येच तांबड्या पेनानं मारलेल्या रेघा. ती म्हणाली, "तोंडाला वास न्हाई, पाय लटपटत न्हाईत. मग व्यसन कसं म्हनायचं, ताई?"

व्यसनच ते. आकडा कधी लागेल याचा नेम नसतो, आणि माणूस अडकतो तो तिथंच. मेंदूत डोपामिन वाढतं ते पैसे हातात पडल्यावरच नव्हे, क्लोजची वाट बघतानासुद्धा. चौक्का लावला आणि पंजा आला, तर तो हरलेला नसतो, 'थोडक्यात हुकलेला' असतो. लगेच पुढची चिठ्ठी फाडतो. कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी औषधं सुरू केल्यावर जन्मात पत्त्याला हात न लावलेली माणसं जुगार खेळू लागली, आणि औषध कमी केल्यावर बऱ्याच जणांचा तो नाद ओसरला. एवढं कळल्यावर 'मनाचा कच्चा' हा शिक्का मला तरी मारवत नाही.

बाकी लक्षणं दारूचीच. दहाच्या जागी पाचशे लावल्याशिवाय मजा येत नाही. बंद केलं की झोप उडते, चिडचिड होते. खोटं बोलणं तर आलंच. म्हणूनच अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली जुगाराला दारू-अफूच्या शेजारी बसवलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचंही व्यसन आलं. फरक एवढाच, की दारूला शरीर कधीतरी नको म्हणतं. जुगाराला तसा अटकाव नाही. घर विकलं तरी उसनवारी उरतेच.

महाराष्ट्रातला जुगारबंदीचा कायदा १८८७चा आहे, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५मध्ये बंदी आली. बंदी हवीच, पण ती उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं: कर्ज गुपचूप फेडू नका, त्यानं पुढचा डाव सोपा होतो. पगाराचा व्यवहार काही काळ दुसऱ्यानं सांभाळावा. आणि १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा मोफत क्रमांक लावा; मराठीतून बोलता येतं.