माळ, मेंढी आणि काडेपेटी

बँकेत कर्जाच्या अर्जाला सातबाऱ्याचा उतारा जोडलेला असे. त्यातला 'पोटखराबा' हा रकाना आम्ही नाक मुरडूनच वाचायचो. काही न पिकणारी जमीन. तारण म्हणून कवडीमोल. सोलापूर जिल्ह्यातल्या शाखेत असताना माळ म्हणजे माझ्या लेखी एवढंच होतं.

एकदा मेंढ्यांच्या कर्जाच्या पाहणीसाठी नान्नजच्या बाजूला गेलो. मार्चचे दिवस. समोरचा उतार पेटला होता आणि जाळाच्या पुढे पुढे कोतवाल, नीलपंख, घारी उडते टोळ टिपत होते. पक्ष्यांची जणू पंगतच बसलेली. मी घाबरून म्हणालो, "आबा, विझवायला नको का?"

"कुणीतरी मुद्दाम लावलंय सायेब. पहिल्या पावसाला कोंब लवकर फुटतो." मग थोडं थांबून म्हातारा म्हणाला, "पर दरसाल लावलं की कुसळ तेवढं उरतं. मेंढीच्या अंगात घुसतं ते."

यातली खोच मला बऱ्याच वर्षांनी, पुस्तकं चाळताना कळली. गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो. म्हणून वरचं जळलं किंवा मेंढीनं खाल्लं, तरी ते पुन्हा उठतं. पण कुसळीचं बी त्याहून हुशार. दमट हवेत त्याचा केस पीळ घेतो-सोडतो आणि बी स्वतःला मातीत रुतवून घेतं. वरून वणवा जातो, बी खाली सुखरूप. मारवेलसारखं कसदार गवत मात्र वारंवारच्या जाळानं आणि बेसुमार चराईनं मागे पडतं.

आगीनं होरपळतात ते न उडणारे: सरडे, पिल्लं, झुपक्याखाली घातलेली चंडोलाची अंडी. हिवाळ्यात परदेशातून येणारे भोवत्या ससाणे रात्री उंच गवतात जमिनीवरच उतरतात. माळ जळाला की त्यांचा बिछानाच गेला. पण त्याच उघड्या, खुरट्या जमिनीवर धाविक आणि माळटिटवी खुशीत वावरतात. काळविटाला जळीतावरचा कोवळा कोंब आवडतो. तणमोराला मात्र लपायला उंच गवतच हवं. सगळ्यांना एकच गवत पुरत नाही, ही खरी अडचण.

आणि माळढोक? तो पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगरांचे कितीतरी कळप पावसाळ्याच्या तोंडाला माळावर परततात. म्हणजे अंडं आणि खुरं एकाच हंगामात, एकाच जागी. दोष कुणाचा म्हणायचा?

सरकारनं 1979 साली इथं माळढोक अभयारण्य केलं, तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं! त्यात लोकांची गावं आणि शेतं आली, कुरबुरी झाल्या आणि पुढे ते बाराशेच्या आसपास आणावं लागलं. बंदी म्हणजे सगळ्यावर तोडगा, असंही नाही. राजस्थानात भरतपूरला 1982 मध्ये म्हशींची चराई बंद केली. दंगल झाली, माणसं मेली. मग खायला कुणी न उरल्यानं गवतानं पाणथळ जागाच व्यापली आणि म्हशी उपयोगाच्या होत्या, असं अभ्यासकांनाच म्हणावं लागलं. माळावरही गवत नुसतं साठत गेलं, की पुढची ठिणगी अधिक भडकते.

जुन्या कुरणांची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. पावसाळाभर कुरण बंद, बी गळल्यावर कापणी, मग गुरं. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे अरुंद पट्टा आपणच जाळून ठेवतं, की वणवा तिथं अडावा. याच्या जोडीला एक तुकडा यंदा चरू द्यावा, दुसरा पुढल्या साली, अंड्यांच्या दिवसांत दोन्हींकडे कळप वळवू नये. हे आबांसारख्यांना विचारून ठरवलं तर ते पाळतीलही. फुकट राखणदार दुसरा कोण मिळणार?

आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसणं म्हणजे नवलच.

निवृत्तीनंतर मी त्या उतारावर पुन्हा गेलो. जळीत नव्हतं, मेंढ्या नव्हत्या. बांधापासून बांधापर्यंत ऊस उभा होता. तिथल्या विहिरीचं आणि पाइपलाइनचं कर्ज आमच्याच शाखेचं. शिफारशीखालची सही माझी.