नकाशामागचा तक्ता

एक आकडा, एक रंग, एक वर्णन. एप्रिल २०१५मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एक्यूआय, सुरू झाला तेव्हा त्याची ओळख याच तीन गोष्टींनी करून दिली गेली. शून्य ते ५०० असा आकडा, गडद हिरव्यापासून गडद लालपर्यंत सहा रंग आणि ‘चांगली’पासून ‘गंभीर’पर्यंत सहा शेरे. मागे मोजदाद आठ प्रदूषकांची. प्रत्येकाचा स्वतंत्र उपनिर्देशांक काढायचा आणि त्यातला सर्वांत वाईट तोच त्या ठिकाणचा एक्यूआय म्हणायचा. पीएम २.५ या बारीक कणांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम भरली, तर त्याचा उपनिर्देशांक येतो १००.

ठरवून असो वा नसो, ही रचना दिव्यांगांना फार सोयीची होती. ज्याला दिसत नाही त्याला आकडा ऐकता येतो. आकड्याचा अर्थ लागत नसेल तर शेरा कळतो. मजकूर वाचणं जड जात असेल त्याला रंग पुरतो. मात्र हीच माहिती वेबसाइटवर चढते तेव्हा बऱ्याचदा तिघांपैकी एकटा रंगच उरतो. समोर येतो देशाचा नकाशा आणि त्यावर पाचशेहून अधिक केंद्रांचे रंगीत ठिपके. आकडा हवा असेल तर ठिपक्यावर माऊस नेऊन धरायचा, शेरा हवा असेल तर कोपऱ्यातली रंगसूची शोधायची.

आधी रंगाचंच पाहू. आपल्या डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशींपैकी दोन प्रकार हिरवा आणि लाल ओळखायला लागतात, आणि त्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे तिथे बिघाड झाला तर भरपाई करायला दुसरं नसतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारातल्या साधारण एकाला, तर बायकांत दोनशेतल्या एकीला लाल-हिरव्यात गफलत होते. आपल्याकडे प्रमाण याहून कमी आहे, तरी शंभर पुरुषांत असे काही जण असतातच. आता एक्यूआयची पट्टी त्यांच्या नजरेतून पाहा. गडद हिरवा आणि गडद लाल हे दोन्ही रंग त्यांना तपकिरीच्या जवळपास दिसू शकतात. म्हणजे गल्लत होते ती शेजारच्या दोन पायऱ्यांत नाही, पट्टीच्या दोन टोकांत. सर्वांत स्वच्छ हवा आणि सर्वांत घातक हवा एकमेकींसारखी! ‘फक्त रंगावर विसंबू नका’ हा वेबच्या सुगम्यतेतला अगदी जुना नियम आहे, आणि तो पाळायला ठिपक्यात आकडा लिहिला की भागतं.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचं इथे कौतुक करायला हवं. तिथेही हिरवा, पिवळा, केशरी, लाल अशी रंगांचीच भाषा आहे. पण ‘ऑरेंज अलर्ट’ हे नाव रेडिओवरून, लोकलच्या गर्दीतल्या गप्पांतून, आजीच्या फोनवरून सहज पुढे जातं. रंग न बघताही तो कळतो.

अंध वापरकर्त्याची अडचण वेगळी आहे. तो वेबसाइट स्क्रीन रीडरने ऐकतो. त्यासाठी संगणकावर एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, मायकेल करन आणि जेमी टे यांनी, २००६मध्ये ते सुरू केलं. मराठीही ते वाचतं. स्क्रीन रीडर पडद्याचं चित्र पाहत नाही. पानाच्या पोटात असलेली मांडणी, म्हणजे शीर्षक, परिच्छेद, दुवा, बटण, तक्ता, हे तो क्रमाने वाचतो. नकाशा नुसत्या रंगबिंदूंनी रंगवलेला असेल तर त्याच्या लेखी ती एक रिकामी चौकट. ठिपके खरोखरची बटणं असतील पण त्यांना नावं दिलेली नसतील, तर तो इमानेइतबारे वाचत सुटतो: बटण, बटण, बटण. कुर्ला कुठलं, चंद्रपूर कुठलं आणि कर्वे रोड कुठला, काही पत्ता नाही. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना माऊस धरता येत नाही अशांची गतही हीच. ते टॅबची कळ दाबत पुढे सरकतात, आणि नकाशा ओलांडून खालच्या मजकुरापर्यंत जायला त्यांना पाचशे वेळा कळ दाबावी लागू शकते. ‘नकाशा वगळा’ असा एक दुवा आधी ठेवला की हा छळ संपतो.

मराठी पानांवर यात आणखी एक घोळ आहे, तो इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. युनिकोडच्या आधीच्या काळातले फॉन्ट आपल्याकडे अजून मेलेले नाहीत. त्यात अक्षरं दिसायला देवनागरी असतात. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची रांग असते. डोळस माणसाला ‘हवा’ दिसते, आणि स्क्रीन रीडर भलतंच काहीतरी इंग्रजी पुटपुटतो. प्रदूषणाचा वार्षिक अहवाल अशा फॉन्टात छापून, वर त्याचं स्कॅन करून पीडीएफ चढवला की त्याचं फक्त छायाचित्र उरतं. दुसरी गोष्ट बारीक आहे: पान मराठीत आहे हे त्याच्या कोडमध्ये सांगावं लागतं. ते न सांगितल्यास इंग्रजी आवाज देवनागरी शब्द गाळू शकतो, किंवा हिंदी आवाज मराठी मजकूर आपल्या धाटणीने वाचतो. एककांचंही तसंच. ग्रीक म्यू, तिरकी रेघ, वर चढवलेला तीन ही मंडळी कानाला कळत नाहीत. ‘मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर’ असं सरळ लिहावं, वाचणाऱ्या सगळ्यांचंच भलं होईल.

ताज्या आकडेवारीची तर वेगळीच गंमत. केंद्रांवरचे आकडे दिवसभर बदलत राहतात. बदल झाला की स्क्रीन रीडरने कळवावं अशी सोय वेबच्या भाषेत आहे, आणि तिचे दोन स्वभाव आहेत: एक चालू वाक्य संपेपर्यंत थांबणारा, दुसरा मध्येच तोंड घालणारा. वायुगळतीच्या इशाऱ्याला दुसरा योग्य. पण एखाद्या उत्साही प्रोग्रॅमरने तो प्रत्येक आकड्याला लावला, तर ऐकणाऱ्याचं एकही वाक्य पुरं होत नाही.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या कॉन्ट्रास्टला मात्र चक्क गणित आहे. ते दोन रंगांच्या तेजस्वितेचं गुणोत्तर असतं; काळ्यावर पांढरं म्हणजे २१ला १, हे त्याचं कमाल टोक. तेजस्विता काढताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७ टक्के वजन दिलं जातं, कारण आपला डोळाच तसा आहे. साध्या मजकुराला किमान ४.५ला १ हवं, असं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचे निकष सांगतात. एक्यूआयच्या पिवळ्या चौकटीत पांढरा आकडा लिहिला तर शुद्ध पिवळ्यावर हे गुणोत्तर जेमतेम १.०७ भरतं. तोच आकडा काळा केला की ते साडेएकोणीसच्या वर जातं. खर्च शून्य. तरीही अमेरिकेतल्या वेबएम या संस्थेने २०२४मध्ये दहा लाख वेबसाइटांची मुखपृष्ठं यंत्राकडून तपासून घेतली, तेव्हा त्यातल्या ८१ टक्के पानांवर फिकट मजकुराचा दोष सापडला.

आपल्या सरकारी वेबसाइटांच्या माथ्यावर ‘अ+’ आणि ‘अ-’ अशी बटणं दिसतात. माझ्या मते ती बरीचशी शोभेचीच. पान मोठं करणं हे ब्राउझरचं काम आहे आणि तो ते केव्हाचं करतो आहे. पान मोठं केल्यावर मजकूर एकमेकांवर चढू नये, हे वेबसाइटचं काम. आयत्या उपायांचंही तसंच. एक ओळ कोड डकवा आणि वेबसाइट आपोआप सुगम्य करा, अशा जाहिराती करणाऱ्या एका कंपनीला जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल केल्याबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले.

गंमत अशी की नकाशा जन्मतो तोच तक्त्यातून. केंद्राचं नाव, वेळ, प्रदूषक, आकडा असं सगळं सर्व्हरवर ओळी-स्तंभांत आधीच मांडलेलं असतं. नकाशा हे त्यावर चढवलेलं चित्र. म्हणजे अंध वाचकासाठी नवीन काही तयार करायचं नसतं. जे लपवलं ते दाखवायचं असतं. स्तंभांना शीर्षकं असलेला साधा तक्ता, वर शहराचं नाव शोधायची चौकट, आणि आलेखाखाली दोन वाक्यं: रात्री आकडा कितीवर गेला, दुपारी किती उतरला. कमी वेगाच्या मोबाइलवर पान उघडणाऱ्या गावातल्या शिक्षकाला, बातमीसाठी आकडे उचलणाऱ्या पत्रकारालाही हाच तक्ता हवा असतो.

आलेख ऐकवताही येतो. गायगर काउंटरची टिकटिक हे त्याचं जुनं उदाहरण: किरणोत्सार वाढला की टिकटिक दाट होते. प्वेर्तो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा दियाझ-मर्सेड यांची दृष्टी गेली, त्यानंतर त्यांनी ताऱ्यांची निरीक्षणं ध्वनीत बदलून संशोधन चालू ठेवलं. हवेच्या आकड्यांना ही युक्ती चपखल बसते. हिवाळ्यातल्या शहराचा दिवसभराचा पीएम २.५ घ्या आणि आकड्याप्रमाणे स्वर चढवा-उतरवा. रात्री जमिनीलगतच्या थंड हवेवर वरची उबदार हवा झाकणासारखी बसते, कण अडकतात, स्वर चढत जातो. ऊन तापून हवा वर-खाली घुसळली की दुपारी तो उतरतो. अर्थात आधी तक्ता, मग संगीत. नुसत्या स्वरावरून आज फिरायला जावं का, हे कुणी ठरवू शकत नाही.

कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा; माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं असं तो सांगतो. पण त्याखालच्या नियमांनी सुगम्यतेचे निकष शिफारशीइतकेच पातळ केले होते. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं आणि सक्तीचे किमान निकष आखायला सरकारला तीन महिने दिले. एप्रिल २०२५मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला हवेचा नव्हता. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्यांना बँकेच्या ओळख-तपासणीत पापणी लवून दाखवा असं सांगितलं जात होतं, त्याविरुद्धचा होता.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. यातल्या अंध माणसाचा बहुतेक प्रवास पायी आणि बसने होतो, म्हणजे धूर सर्वांत दाट असतो त्याच उंचीवर, त्याच कडेला. हवेचा आकडा त्याला मोटारीच्या काचा बंद करून जाणाऱ्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

तपासणीची यंत्रं फिकट अक्षर पकडतात, नाव नसलेलं बटण पकडतात. चित्राला दिलेलं वर्णन ‘नकाशा’ एवढंच असेल, तर त्यांच्या लेखी ते पास. त्यातून काहीच कळलं नाही, हे सांगायला स्क्रीन रीडर रोज वापरणारं माणूसच लागतं. निविदेत त्याच्या मानधनाची एक ओळ असावी, आणि त्याला बोलवावं ते रंग ठरायच्या आधी. वेबसाइटचं उद्घाटन उरकल्यावर नव्हे.